भिंतीकडे तोंड

“गठ्ठा सापडला त्या वेळी तुमचं तोंड कोणत्या बाजूला होतं?” असं बचावाच्या वकिलानं विचारलं आणि महांतप्पाचा हात आपसूक कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला. बटण लागलेलंच होतं. उस्मानाबादच्या अदालतीत गवाहाच्या कठड्यात तो अर्धा तास उभा होता, आणि तोवरची सगळी उत्तरं त्याच्याजवळ घडी घालून ठेवल्यासारखी तयार होती. झडतीला हजर होता? होतो. पंचनाम्यावरची सही तुमची? माझीच. कागदांचा गठ्ठा तुमच्यासमोर निघाला? जी. सरकारी बाजूचं एवढ्यावर भागलं. मग हा उत्तरेश्वरराव वकील उठला, अंगानं किडकिडीत, आवाजही बेताचा, आणि त्यानं ना गठ्ठ्याचं विचारलं ना सहीचं. विचारलं ते तोंडाचं. बारा वर्षांत महांतप्पा किती झडत्यांना पंच म्हणून गेला असेल याची मोजदाद नव्हती, पण असलं काही त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो उत्तर शोधत असतानाच बाहेरून अजान ऐकू आली. मुन्सिफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला आणि उर्दूत दोन वाक्यं बोलून ते आत गेले. खाली बसलेल्या पेशकार कारकुनानं त्याचं मराठी करून सांगितलं. जवाब नमाजनंतर पुढं चालेल, तोवर गवाहानं कुणाशीही बोलायचं नाही.

तेव्हा महांतप्पा अदालतीच्या ओसरीवर बाकड्याच्या कडेला येऊन बसला. चैत्राचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. काळा कोट, डोक्याला बांधलेला रुमाल आणि कपाळावरची घामानं भिजलेली विभूती, असा तो नळदुर्गचा कापडदुकानदार आपल्याच तोंडाचा विचार करत बसला. कुणाशी बोलायचं नाही म्हटलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतो, आणि ती सवय महांतप्पाला नव्हती. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकं, घरात बायको महादेवी, संध्याकाळी मठाच्या कट्ट्यावर चार माणसं, असं त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या आवाजांनी छान भरलेलं होतं. आता आत डोकावून पाहायची वेळ आली तर तिथं काय ठेवलंय हेच त्याला धड माहीत नव्हतं. सकाळी दुसरा पंच लिंबाजी जवाब देऊन मोकळा झाला होता. ‘जी हुजूर, म्या बघितलं,’ एवढं एकच वाक्य त्यानं चार वेळा म्हटलं आणि तुळजापूरची मोटार गाठायला तो निघूनही गेला. लिंबाजी झडतीच्या दिवशी आत आलाच नव्हता. गोठ्याच्या दाराशी चौकीच्या जवानाजवळ उभा होता. हे महांतप्पाला ठाऊक होतं, अमीनसाहेबांना, म्हणजे चौकीच्या फौजदारांना, ठाऊक होतं आणि खुद्द लिंबाजीलाही ठाऊक असावं. म्हणजे सगळी मदार आता महांतप्पावर होती. त्यानं पुन्हा ‘जी’ म्हटलं की शाळामास्तर शांतलिंगला दोन वर्षांची कैद, आणि ‘नाही’ म्हटलं की पोरगा घरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

शांतलिंग आत भिंतीला टेकून दोन जवानांच्या मधे बसला होता. सव्वीस वर्षांचा, गालफडं बसलेली. हातात बेड्या असल्यामुळे नाक खाजवायला त्याला दोन्ही हात उचलावे लागत. महांतप्पानं त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. या पोराच्या मुंजीएवढ्या वयात, म्हणजे त्यांच्यात मुंज नसते, पण अय्याचार म्हणतात तो संस्कार झाला तेव्हा, त्याचं सोवळ्याचं कापड महांतप्पाच्याच दुकानातून गेलं होतं. सोलापूर सरहद्दीपलीकडे इंग्रजाच्या मुलखात, नळदुर्गपासून मोटारीनं दीड तासावर. तिकडून बंदी असलेली पत्रकं येतात, गावात कुणाच्या तरी हातात पडतात, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं आणि बाजारपेठेनं त्याकडे कानाडोळा केला होता. महांतप्पानंही केला होता. कापडाच्या कंट्रोलमुळे त्याला तसंही अमीनाशी बरं राखून राहावं लागे. त्यात आपण काही वाईट करतो असं त्याला कधी वाटलं नाही. गावात राहायचं तर चौकीशी वाकडं करून कसं चालेल, हे बापानं शिकवलेलं शहाणपण होतं.

आणि पंच होणं हे तर मानाचंच काम. सरकारचा कायदा सांगतो की झडती घ्यायची तर मोहल्ल्यातल्या दोन इज्जतदार माणसांसमोर घ्यावी. बारा वर्षांपूर्वी जवान पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर येऊन हे म्हणाला, तेव्हा ‘इज्जतदार’ हा शब्द महांतप्पाला इतका गोड लागला की दुकान तसंच उघडं टाकून तो घरी गेला आणि महादेवीला म्हणाला, लग्नातला कोट काढ. तेव्हापासून तो कोट झडतीचाच झाला. महादेवी चेष्टेनं म्हणायची, “तुमच्या कोटाला बी आता चौकीचा रस्ता म्हाईत झालाय. सोडला तर एकटाच जाऊन सही करून यील.” महांतप्पा हसायचा. उर्दू त्याला वाचता येत नव्हतं. पंचनामा उर्दूत असायचा, उजवीकडून डावीकडे मुंग्यांची रांग चालावी तसा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात तो मोडीत झोकदार सही करायचा. सही मात्र सुरेख होती. अमीनसाहेब बदलून गेले, नवे आले, पण महांतप्पाची सही तीच राहिली. लोक म्हणत, महांतप्पाची सही म्हणजे दगडावरची रेघ. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती उघडून बघायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आज या वकिलाच्या मनात आलं.

माघातली सकाळ होती ती. थंडी सरत आलेली. शांतलिंगच्या घरी तो आणि त्याची विधवा आई सिद्धम्मा, दोघंच. अमीनसाहेबांनी पोराला अंगणात बसवलं, लिंबाजीला गोठ्याशी ठेवलं, पेटी पाहिली, शाळेची पुस्तकं झटकून पाहिली, कणगीत काठी घालून पाहिली. काही नव्हतं. मग राहिली ती माजघरातली खोली. तिथं देवळीखाली पाटावर सिद्धम्मा लिंगपूजेला बसली होती. गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून काढलेलं लिंग डाव्या तळहातावर, त्यावर विभूती, एक बेलाचं पान. ओठ हलत होते, नजर तळहातावर. अमीनसाहेब म्हणाले, बाईला उठायला सांगा. आणि इथं महांतप्पा मधे पडला. अजून त्याला ते आठवलं की छाती थोडी फुगायची. तो म्हणाला होता, “साहेब, आमच्यात पूजा अर्ध्यावर मोडत न्हाईत. बोलत बी न्हाईत. घडीभर थांबा. माझी विनंती हाय.” अमीनसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “ठीक है सेठ. हम ठहर जाते हैं.” पायातले बूटसुद्धा त्यांनी उंबऱ्याबाहेर काढले. महांतप्पाला फार बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे असं वाटलं. आणि मग, अमीनसाहेब खोलीत देवळीजवळ उभे असताना, महांतप्पानं सिद्धम्माकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.

कारण तसंच करायचं असतं. त्याची आई इरम्मा पूजेला बसली की तो लहानपणी वाकून वाकून तिच्या तळहातावर पाहायचा. काळंभोर, गुळगुळीत लिंग, त्यात खिडकीचा एवढासा उजेड. एकदा तिनं पूजा संपल्यावर त्याचा कान धरला होता. “दुसऱ्याच्या तळहातावर बघू न्हाय रे. त्येचं आन त्येच्या देवाचं बोलनं चालू असतंय. कुनी बोलताना मधी तोंड घालतंय का?” मग रोज तिची पूजा होईपर्यंत त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची. आधी शिक्षा म्हणून, मग सवय म्हणून, आणि मग त्याला ते आवडायला लागलं. पाठीमागे आईचा ओठातला आवाज, समोर पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत, आणि त्या भिंतीत रोज नवी नवी दिसणारी माणसं, बैल, डोंगर. ती गेली तेव्हा तिचं लिंग तिच्या तळहातावरच ठेवून तिला बसती माती दिली. तेव्हासुद्धा सगळे पाहत असताना त्यानं मान वळवली होती. त्याच्या चुलत भावाला वाटलं, रडू आवरत नाही म्हणून वळवली. पण ते नुसतं तेवढं नव्हतं. आई बोलत असताना मधे तोंड घालायचं नव्हतं.

सिद्धम्माच्या घरची भिंत त्याला आत्ताही ओळीनं सांगता आली असती. वर तीन खुंट्या. पहिलीला चाळण, दुसरीला जुनी घोंगडी, तिसरी रिकामी आणि थोडी खाली झुकलेली. रिकाम्या खुंटीखाली पोपडा गेलेला, त्याचा आकार पाठमोऱ्या बाईसारखा. एक पाल होती, ती घोंगडीमागे गेली आणि परत आली नाही. पाठीमागे ओठांचा आवाज चालूच होता. नेहमीपेक्षा जरा लांबली पूजा, असं त्याला त्या वेळी वाटून गेलं होतं. मधेच काहीतरी सरकल्यासारखं झालं, कापडाचं की कागदाचं. कापडाचा आवाज त्याला झोपेतही ओळखता यायचा, मांजरपाट वेगळा वाजतो आणि खण वेगळा, पण हा आवाज त्याला सांगता आला नाही. मग अमीनसाहेब म्हणाले, “देखो सेठ, निकल आया.” तो वळला तेव्हा पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या हातात होता. देवळीत, विभूतीच्या बटव्यामागे होता म्हणे. सिद्धम्मा तळहाताकडेच पाहत होती.

अर्ध्या तासानं पंचनामा झाला, आणि त्यानं सही केली. करताना मनात काहीही आलं नव्हतं, हेच आता त्याला बाकड्यावर बसल्या बसल्या खुपत होतं. काही आलं असतं आणि तरी केली असती तर निदान आपण भित्रे आहोत एवढं कळलं असतं. इथं भीतीसुद्धा नव्हती. गठ्ठा निघाला, म्हणजे आपल्यासमोर निघाला. आपण खोलीत होतो ना? खोलीत होतो म्हणजे पाहिलं. खरं पाहता तो त्या दिवशी पंच होता तो फक्त भिंतीचा. तिची हवी तर साक्ष काढावी.

आणि मग दुसरा विचार हळूहळू वर आला, तो जास्त वाईट होता. अमीनसाहेब इतके समजूतदारपणे का थांबले? बूट का काढले? बाई नजर उचलणार नाही आणि सेठ पाठ फिरवणार, एवढं त्यांना कळायला कितीसा वेळ लागला असेल? आपण दाखवलेली अदब हीच त्यांना मिळालेली फट असेल तर? अंगरख्यातून गठ्ठा काढून देवळीत ठेवायला, पुन्हा काढायला किती वेळ लागतो? पूजा आपण वाचवली आणि पोरगं आपणच घालवलं. महांतप्पानं मनगटानं कपाळ पुसलं. अंगणात पलीकडे लिंबाच्या सावलीत अमीनसाहेब उभे होते. त्यांनी त्याला घाम पुसताना पाहिलं आणि जवानाकडून पाण्याचा तांब्या पाठवला. धाक नाही, खूण नाही, नुसतं पाणी. महांतप्पा ते प्यायला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पाणी पाठवणाऱ्या माणसाविरुद्ध आत जाऊन काय सांगायचं? तर एवढंच की मी पाहिलं नाही. त्यांनी ठेवलं असंही नाही आणि त्यांना सापडलं असंही नाही. मला माहीत नाही. पंचावन्न वर्षांच्या इज्जतदार माणसानं कोट घालून भर अदालतीत सांगायचं, की मला माहीत नाही आणि मी सही केली.

पण तेवढ्यावर ते थांबत नव्हतं. ही एक गाठ सोडली की मागचं सगळं उसवत जात होतं. त्याच्या आधी कशाची झडती? जुगाराची. तिथं तो हजर होता, पाहिलंही होतं. त्याच्या आधी दारूची. तिथं उशिरा पोचला होता. आणि सहा वर्षांपूर्वी बंडप्पाची. बंडप्पा गावाबाहेर ओढ्याकाठी राहायचा, अंबाडीचे दोर वळून विकायचा. कुणाची तरी तांब्याची घागर गेली आणि ती त्याच्या कडब्याच्या गंजीत निघाली. नऊ महिने सक्तमजुरी. महांतप्पा तेव्हाही पंच होता. घागर निघाली तेव्हा आपण कुठं होतो, हे त्यानं आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं. आणि उत्तर इतक्या चटकन आलं की जणू ते सहा वर्षं दाराबाहेर बसूनच होतं. ऊन फार म्हणून तेव्हाच्या अमीनानं त्याला बाभळीखाली खाटेवर बसवलं होतं. चौकीतून चहा आला होता, कान असलेल्या पांढऱ्या कपातून. नळदुर्गात तेव्हा कपातून चहा म्हणजे अप्रूप होतं. तो त्या कपाकडे पाहत होता. काठाला निळी रेघ होती. ‘मिल गया’ असा आवाज आला तेव्हा त्यानं चहा संपवला आणि उठला. तिथं तर पूजाही नव्हती, आईही नव्हती. नुसता चहा होता. महांतप्पाला स्वतःची लाज वाटली. पंचावन्न वर्षांत अशी वाटली नव्हती.

पुकारा झाला. आत जाताना त्याला शांतलिंगच्या पायाशी कोपऱ्यात बसलेली सिद्धम्मा दिसली, डोक्यावरून पदर, हात गळ्यातल्या करडगीवर. मुन्सिफसाहेबांनी चष्मा लावला. वकिलानं प्रश्न पुन्हा विचारला, तसाच, एक शब्द न बदलता.

“भिंतीकडं,” महांतप्पा म्हणाला.

“कुठल्या भिंतीकडं?”

“खुंट्यांच्या. देवळी माझ्या पाठीमागं हुती. बाई लिंगपूजेला बसली हुती. आमच्यात बघत न्हाईत.”

“मग गठ्ठा देवळीतून निघताना तुम्ही पाहिला?”

“न्हाय. अमीनसाहेबांच्या हातात बघितला.”

“सकाळी तर तुमच्यासमोर निघाला म्हणालात.”

“म्हनालो. सही बी माझीच हाय. पर म्या बघितलं न्हाय.”

पेशकाराची लेखणी थांबली. मुन्सिफसाहेबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची, थकलेली नजर होती ती. मग त्यांनी स्वतःच मराठीत विचारलं, “पंच कशासाठी असतो सेठ, माहीत आहे?” महांतप्पा म्हणाला, “आज कळलं हुजूर.” कुणी हसलं नाही. त्याला अजून एक गोष्ट सांगायची होती. “हुजूर, सहा वर्षांमागं बंडप्पा म्हनून एक…” पण साहेबांनी हात वर केला. या अदालतीपुढं आत्ता हाच एक मुकदमा आहे, असं पेशकारानं समजावलं, आणि त्याला कठड्यातून खाली उतरवलं.

निकाल आठ दिवसांनी होता. महांतप्पाला बोलावणं नव्हतं, तरी तो गेला. कोट घातला नाही. उर्दूतला निकाल संपल्यावर वकिलानं बाहेर येऊन सोप्या शब्दांत सांगितला. कागद कुणाचे होते, घरात खरोखर होते की नव्हते, यावर अदालत काही म्हणत नाही. पण कायदा सांगतो, दोन इज्जतदार माणसांच्या डोळ्यांसमोर. एक पंच गोठ्यापाशी होता, असं झडतीच्या जवानाच्याच जवाबात आलंय, आणि दुसऱ्याचं तोंड भिंतीकडं. डोळे नव्हते, म्हणून ती झडती नव्हे, आणि जिला झडती म्हणता येत नाही तिच्यातून निघालेल्या वस्तूवर कुणाला कैदेत घालता येत नाही. शांतलिंग सुटला. खाली आणखी एक ओळ होती. महांतप्पा यांना यापुढं पंच म्हणून बोलावू नये, त्यांची इज्जत असेल पण नजर भरवशाची नाही. वकिलानं ही ओळ जरा चाचरत सांगितली. महांतप्पानं मान डोलावली. महादेवीला आता चेष्टेला विषय राहिला नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

शांतलिंगची बेडी काढायचं काम आत चालू होतं. सिद्धम्मा ओसरीवर आली आणि त्यांच्यातल्या रीतीनं वाकून नमस्कार करत म्हणाली, “शरणार्थी अण्णा.” त्याला ते सहन झालं नाही.

“माझ्या पाया पडू नगा अक्का. माझ्यामुळंच झालं ते. म्याच त्यास्नी थांबवलं. तेवढ्यात त्यांनी आनून ठिवलं आसंल देवळीत. म्या वळून बघितलं आसतं तर ही पाळीच आली नसती.”

सिद्धम्मानं इकडंतिकडं पाहिलं. ओसरीवर कुणी नव्हतं. मग ती त्याच्याकडे न पाहता हलक्या आवाजात बोलली.

“त्यांनी न्हाय ठिवलं. तिथंच हुतं. म्याच ठिवलं हुतं, बटव्यामागं. जवान दारात आल्याले दिसले आन म्या पाटावर बसले. मंतर कवाच संपला हुता. नुसते व्हट हलवत हुते. वाटलं, बसून ऱ्हायले तर कट्टाळून जातील.” ती थांबली. “डोळं तळहातावर हुतं अण्णा, पर ध्यान समदं देवळीवर. जलमात पैल्यांदा खोटी पूजा केली. मठातल्या स्वामींना आजून सांगितलं न्हाय. तुमी वळून बघितलं आसतं, तर तुमाला खरं सांगावं लागलं आसतं. मंग माझं पोर गेलं आसतं.”

महांतप्पा तिच्या पदराच्या काठाकडे पाहत राहिला. काठ त्याच्याच दुकानचा होता. पहिल्यांदा त्याला राग आला, आपण पाठ केली ती एका नाटकाकडे. मग अमीनाची आठवण झाली. बूट काढून थांबलेला, पाणी पाठवणारा माणूस. त्याला खरंच सापडलं होतं, आणि तो हरला. आणि मग राग कुठे गेला कळलं नाही. ओठ नुसते हलवत बसलेल्या त्या बाईच्या हातावर लिंग होतं आणि मागे पोरगं. अशा वेळी इरम्मानं काय केलं असतं? तिनंही हेच केलं असतं, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या महांतप्पाला ते जन्मात कळलं नसतं. पोरगा सुटला याचा त्याला मनापासून आनंद झाला. तो म्हणाला, “पूजेचं देव बघून घील. म्या काय बघितलं न्हाय आन ऐकलं बी न्हाय. घरी जावा.”

परतीच्या मोटारीत तो पुढच्या बाकावर एकटाच बसला. तुळजापूरचा घाट चढताना मोटार तापली आणि सगळ्यांना उतरावं लागलं. दगडावर बसून तो विचार करत राहिला. कागद खरे होते तरी शांतलिंग सुटला, कारण त्याच्यासाठी कुणीतरी विचारलं. बंडप्पाची घागर खरी की खोटी, कुणास ठाऊक. पण पंचाचं तोंड कुठं होतं, हे बंडप्पाच्या वेळी विचारायला कुणी उठलं नाही, आणि ज्याला ठाऊक होतं तो चहा पीत होता. वकिलाला त्यानं निघताना बंडप्पाचं विचारलं होतं. वकील म्हणाला, “शिक्षा भोगून झाली सेठ. आता अदालत काय करणार? ती काही नऊ महिने परत देत नाही.” खरंच होतं ते. तरी नळदुर्गला उतरल्यावर महांतप्पा घराकडे वळला नाही. किल्ल्याच्या बाजूनं ओढ्याकडे निघाला. ऊन कलतीला लागलं होतं.

बंडप्पा अंगणात दोर वळत होता. एक टोक बाभळीच्या खोडाला बांधलेलं, दुसरं लाकडी फिरकीला. पूर्वी ते टोक त्याची बायको दगडाबाई धरायची. ती तो कैदेत असतानाच गेली, हे महांतप्पाला माहीत होतं, पण माहीत असणं आणि तिची जागा रिकामी दिसणं यात फरक होता. बंडप्पानं त्याच्याकडे पाहिलं, हातातलं काम न थांबवता.

“दोर पायजे का सेठ?”

“न्हाय. सांगायला आलोय.”

“झाडाला पीळ नीट बसत न्हाय,” बंडप्पा म्हणाला. “आला हाय तर टोक धरा. आन मंग सांगा.”

महांतप्पानं खोडाचं टोक सोडून हातात घेतलं. अंबाडी खरखरीत होती. बंडप्पा फिरकी फिरवत मागे मागे सरकू लागला आणि दोर ताणला गेला. अंतर वाढत होतं, म्हणून महांतप्पाला आवाज चढवून बोलावं लागलं. जे कानात सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागत होतं.

“तुझी घागर निघाली त्या दिवशी म्या बघितलं न्हाय. सही केली, पर बघितलं न्हाय.”

फिरकी फिरतच होती.

“ठावं हाय,” बंडप्पा पलीकडून म्हणाला. “जवानांनी मला हितंच गुडघ्यावर बसवलं हुतं. मान वळवू देत नव्हते. समोर तुमी हुता, खाटंवर. समदा येळ म्या तुमच्याकडंच बघत हुतो. म्हनलं, सेठ आता बगतील, आता बगतील.” त्यानं फिरकी दुसऱ्या हातात घेतली. “पांढरा कप हुता. निळ्या काठाचा.”

 दोराचा पीळ महांतप्पाच्या बोटांपर्यंत आला होता आणि हात आपोआप वळायला लागला होता. त्यानं दुसरा हातही लावला.

“सोडू नगा,” बंडप्पा म्हणाला. “आजून लई ऱ्हायलाय.”

तो टोक धरून उभा राहिला, बंडप्पाकडे तोंड करून.